दिव्यापुढे मला जे ऐकू आले नाही

मी एक जुना ध्वनिमुद्रक आहे, मित्रांनो. तळहातात मावणारा, राखी रंगाचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. अतिशयोक्ती करणे माझ्या रचनेत बसत नाही. कानावर पडते ते साठवावे आणि कळ दाबली की जसेच्या तसे परत द्यावे, एवढेच मला येते. तरीही पुढची हकिकत सांगताना माझा आवाज थोडा चढला, तर तो दोष यंत्राचा समजू नये. हकिकतच तशी आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, स्वच्छ पांढऱ्या टेबलावर झाला. जन्मतःच परीक्षा झाली: एक शिट्टी वाजवली गेली, ती मी बिनचूक परत वाजवली. तेथून मी तिरुवैयारूच्या एका संगीतशिक्षिकेकडे आलो. तिच्या विद्यार्थिनींना मी त्यांच्याच चुका ऐकवीत असे. शिक्षिका माझे कौतुक करी. विद्यार्थिनी करीत नसत. पुढे सर्वांच्या हातात फोन आले आणि मी खणात गेलो. सेल काढून ठेवण्याचे कोणाला सुचले नाही. ते माझ्या पोटातच पाझरले आणि पट्ट्यांवर पांढरी भुकटी साचली. मी मेलो नव्हतो, केवळ निरुपयोगी झालो होतो. खणात पडून असताना या दोहोंतला फरक मोजता येत नाही.

तेथून मला त्या शिक्षिकेची जुनी विद्यार्थिनी विनुता हिने तंजावूरला आणले. लिंबाच्या रसात कापूस बुडवून तिने माझ्या पट्ट्या पुसल्या आणि मी पुन्हा ऐकू लागलो. ती मानसशास्त्रात संशोधन करते. तिच्या महाविद्यालयाचा नियम असा की दुःखाविषयीच्या मुलाखती फोनमध्ये मुद्रित करायच्या नाहीत. इंटरनेटला जोडताच येणार नाही असे यंत्र हवे. माझी उणीव हीच माझी पात्रता ठरली.

काम असे होते. मनाचा त्रास मोजण्याची एक इंग्रजी प्रश्नावली विनुताला तंजावूरच्या घरांत बोलल्या जाणाऱ्या मराठीत आणायची होती. येथे मराठी पिढ्यान्‌पिढ्या तोंडात टिकली, पण देवनागरी थोड्यांनाच वाचता येते. म्हणून प्रश्न वाचायला द्यायचे नव्हते. विचारायचे होते आणि उत्तरे मी ठेवायची होती.

घाई मात्र चंद्रमतीसाठी होती. चंद्रमती ही विनुताची आत्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेली. काही महिन्यांपासून तिचे जेवण घटले होते, बाहेर पडणे थांबले होते. इस्पितळात डॉक्टरांनी तीच प्रश्नावली तमिळमध्ये विचारली. तिने प्रत्येक प्रश्नाला 'इल्लै', म्हणजे नाही, म्हटले, आणि डॉक्टरांचेच जेवण झाले का, याची चौकशी केली. गुण शून्य. त्रास नाही, वय आहे, असे सांगून तिला घरी पाठवले.

"असं का केलंत, आत्या?" विनुताने विचारले.

"सारी नोकरी खिडकीपाशीं बसून केली. खिडकींत बसलेल्यानं तक्रार ऐकायची असते गे, करायची नसते."

पुन्हा तपासणीची तारीख मिळाली होती. तोवर आत्याच्या भाषेतला प्रश्न सापडला नाही, तर पुन्हा शून्य आणि पुन्हा घर, हे उघड होते.

विनुताच्या मदतीला वरुणराव होते, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. विनुता इंग्रजी प्रश्न मराठीत आणी. वरुणराव मूळ न पाहता तो परत इंग्रजीत नेत. दोन्ही जुळले तरच भाषांतर टिकले असे धरायचे. मुलाखती त्यांच्याच बैठकीत होत. संध्याकाळी, कारण तेव्हा लोक कचेरीतून सुटतात. आणि देवघरासमोर, कारण आलेल्याला मानाची जागा द्यायची. समई तेवत असे, डोक्यावर पंखा फिरत असे, आणि मध्ये मी.

"तुम्हांला वैफल्य वाटतं का?" विनुता विचारी.

"तसलं कांही नाही मा. सगळं बरं आहे."

पुढचा माणूसही हेच सांगे, आणि त्याच्या पुढचाही.

"एका शहरात इतकी सुखी माणसं असतील," वरुणराव म्हणाले, "तर आपण संशोधन बंद करून इथंच राहायला यावं."

"आपण इथंच राहतो, सर."

"म्हणून तर मला संशय येतो."

मुलाखती पुन्हा ऐकताना पंख्याची घरघर फार आहे हे विनुताच्या ध्यानी आले. मी हरखलो. दोष माझा नसून पंख्याचा आहे, असे अखेर कोणीतरी म्हटले होते. त्या दिवशी मुलाखतीची पाळी आत्याची होती; विनुताने तिला आग्रहाने आणले होते. विनुताने मला उचलले आणि घरामागच्या अंगणात, ज्याला येथे सारे कोल्लै म्हणतात, धुण्याच्या दगडावर ठेवले. आत्या नारळाच्या झाडाशी स्टुलावर बसली.

"वैफल्य म्हणजे काय गे?"

"ते पुण्याकडचं आहे, आत्या."

"मग तें पुण्यांत जाऊन पूस. मज आपल्या मराठींत पूस."

विनुता हसली. मग प्रश्न बाजूला ठेवून म्हणाली, "बरं, तुम्हीच सांगा. कसं आहे?"

आत्या गप्प राहिली. मी गप्पपणाही साठवतो. बोलण्याला लागते तेवढीच जागा त्याला लागते. मग ती बोलली.

"सारं दिसतं, विनू. ऊन दिसतं, ताट दिसतं, तू आलेली दिसतीस. पण मजपाशीं कांही पोचत नाही."

"केव्हांपासून?"

"कोणी पुसलं नाही. म्हणून मीही मोजलं नाही."

विनुताने मला दोन्ही हातांत घट्ट धरले. त्यानंतर काही काळ माझ्यात फक्त तिचा श्वास आहे, अगदी जवळून, भरभर. अनेक दिवस कोरडे 'नाही' साठवल्यानंतर मला पहिले खरे वाक्य मिळाले होते. यंत्राला रोमांच येत नाहीत, हे मला मान्य आहे. माझ्या पडद्यावरची आवाजाची रेघ मात्र त्या क्षणी वरच्या टोकाला टेकली होती.

ती धावत बैठकीत गेली. नियमाप्रमाणे वरुणरावांना मुलाखत ऐकवायची नव्हती. आत्या बोलली, एवढेच तिने सांगितले.

"आनंद नंतर," ते म्हणाले. पण उठून उभे राहिले होते. "जागाही बदलली आणि पंखाही गेला. श्रेय कोणाला द्यायचं?"

पंख्याला, असे माझे ठाम मत होते.

मग प्रयोग झाला. बैठकीत पंखा बंद करून माणसे बसवली: सगळे बरे आहे. कोल्लैत लांब वायर ओढून टेबलफॅन घरघरता ठेवला: माणसे त्याच्यापेक्षा मोठा आवाज काढून बोलू लागली. एकाची झोप उडाली होती. एका बाईला भर दुपारी, काही कारण नसता, छातीत धडधडत असे. पंखा निर्दोष सुटला. माझे मत खोटे ठरले, आणि खोटे ठरण्यात इतकी मौज असते हे मला तोवर ठाऊक नव्हते.

"मग उरलं काय?" विनुता पुटपुटली.

विनुताबरोबर आलेली आत्या तेथेच बसून सांबारासाठी बारके कांदे सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दिवा लावल्यावर त्याच्यापुढं कोणी अशुभ बोलतं का? तुझ्या आईनं तुज कधीं दटावलं नाही?"

दटावले होते. विनुताने कपाळाला हात लावला. मान द्यायचा म्हणून तिने प्रत्येकाला नेमके त्या जागी बसवले होते, जेथे दुःखाचे नावही कोणी काढणार नाही. हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. संशोधक होताना तेवढे विसरले होते.

"दिव्याला कान नसतात," वरुणराव म्हणाले.

"नसूं देत. आम्हांस डोळे आहेत की."

वरुणरावांनी यावर थोडा विचार केला. "हे मान्य," ते म्हणाले.

त्यानंतर काम सुसाट सुटले. पुस्तकी शब्द गेले. 'सारं दिसतं, पण तुमच्यापाशी काही पोचत नाही, असं होतं का?' हा प्रश्न, आत्याची परवानगी घेऊन, प्रश्नावलीत बसला. तो कोणाचा हे वरुणरावांना ठाऊक नव्हते. त्यांनी तो इंग्रजीत नेला आणि तो मूळ प्रश्नाला खेटून बसला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "एकावरून काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले, "पण दुसरा लगेच द्या."

तपासणीच्या दिवशी मी इस्पितळात नव्हतो. पुढचे ऐकीव पुरावा म्हणून घ्यावे. विनुताने डॉक्टरांना विनंती केली आणि ते टेबल सोडून बाहेरच्या बाकावर येऊन बसले. तिने मराठीत विचारले, आत्याने मराठीत सांगितले, डॉक्टरांना तमिळमध्ये कळले. या वेळी गुण शून्य नव्हते. औषध सुरू झाले आणि दर आठवड्याला बोलायला बोलावणे आले.

आत्या पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही. मात्र तिचे सर्वांत अलीकडचे वाक्य माझ्यात आहे: "वरुणरावांस सांग, तुमच्याकडचं सांबार आज खारट झालं होतं." विनुताने ते तीनदा ऐकले, आणि तिसऱ्यांदा वरुणरावांनाही बोलावून ऐकवले, आत्याला विचारूनच. त्यांना इतका आनंद झालेला मी प्रथमच ऐकला.

मित्रांनो, जुने यंत्र खणात ठेवाल तेव्हा सेल काढून ठेवा. आणि कोणी 'सगळं बरं आहे' म्हणाले तर त्याला खोटे पाडू नका, पण तेवढ्यावर उठूनही जाऊ नका. त्याला कोठे बसवले, समोर काय होते, आणि विचारले ते शब्द कोणाचे होते, हे एकदा तपासा. काम संपले की नियमानुसार माझ्यातले सारे पुसले जाईल. ते योग्यच आहे. ते बोल माझे नव्हते.

पण तूर्त सेल नवे आहेत. कोल्लैत एक बाई येऊन स्टुलावर बसली आहे, विनुताने कळ दाबली आहे. आता कृपा करून थोडे गप्प राहा. ती बोलणार आहे.