कुंपण नसलेला डोंगर

लेकीचा स्टुडिओ शहरात. रडक्या पोरांना हसवून फोटो काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. पण आईच्या मेंढ्यांनी सकाळपासून तिच्या नाकी नऊ आणले होते. अंगणात उभ्या केल्या की माना खाली आणि शेपट्या कॅमेऱ्याकडे. त्यात लोकर मळकी, शिंगं वेडीवाकडी. असल्या फोटोंची जाहिरात बघून गिऱ्हाईक कसलं येतंय?

आईचे गुडघे गेले होते. मेंढ्या विकायच्या, पण डोंगर आणि घर ठेवून शेवटपर्यंत इथंच राहायचं, एवढंच तिचं मागणं. "मला शहरात नेऊन कोंडू नकोस बाई," असं तिनं लेकीला दहादा बजावलं होतं.

"सोड त्यांना वर," शेवटी आईच वैतागली. "फोटोला उभं केलं की माझंही तोंड असंच होतं."

मेंढ्या सुटल्या, मागोमाग धापा टाकत लेक. वर वारा असा, की पाय ठरेना. त्या उघड्या उतारावर त्याच मळक्या मेंढ्या माना ताठ करून उभ्या राहिल्या, मागं नुसतं आभाळ. लेक बघतच राहिली. कॅमेरा डोळ्याला लावायचंही तिला सुचलं नाही. मग मात्र ती फोटो काढत सुटली.

तेवढ्यात एक कोकरू उधळत पुढं गेलं. पुढंही तसंच हिरवंगार गवत, ना भिंत ना तार. पण त्याची आई धावली, आडवी झाली आणि डोक्यानं ढकलत त्याला मागं घेऊन आली. सगळा कळप तिथूनच वळला.

खाली येऊन लेकीनं कोकराला मागं ढकलणाऱ्या मेंढीचा फोटो दाखवला. "इथं काय आहे गं?"

"आपली हद्द," आई म्हणाली. "हिला हिच्या आईनं दाखवली, तिला तिच्या. माझ्या आजेसासूच्याही आधीपासून चाललंय हे."

लेकीनं वर डोंगराकडे पाहिलं. "मग दुसऱ्या डोंगरावर यांचं काय होणार?"

आई त्या फोटोवरून नजर काढेना. मग म्हणाली, "जाहिरातीत लिही, नुसत्या मेंढ्या द्यायच्या नाहीत. डोंगर, घर, सगळं मिळून."

"आणि तू?"

"मला लिफ्टची बटणं तू शिकवशील," आई म्हणाली. "यांना दुसरा डोंगर शिकवायला कोण आहे?"