पहिलं पाणी

मी लाखोळी बोलतेय. कुणी मला तिवरा म्हणतं, कुणी गरिबाची डाळ. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? माझ्या अंगात विष आहे. त्याला चव नाही, वास नाही, आणि ओरडून सांगायला मला तोंड नाही.

भंडाऱ्याकडच्या बांधीत धान उभं असतानाच मला ओल्या चिखलात फेकलं. नांगर नाही, खत नाही, तरी मी उगवले. बाकीची पिकं माना टाकतात तेव्हा मी तग धरते, म्हणून माझा मान. घरची म्हातारी तुळसाबाई मला आधी उकळायची आणि ते पाणी उकिरड्यावर ओतायची. मग दुसऱ्या पाण्यात शिजवायची. त्या फेकलेल्या पाण्यातच माझं बरंचसं विष निघून जायचं.

"पयलं पानी फेकजो," ती सून भागीरथेला सांगायची. "कावून ते मले नाही मालूम. माह्या सासूनं सांगतलं."

अठ्ठावन्न साली भागीरथेचा नवरा केवलराम भिलाईच्या कारखान्याच्या बांधकामावर लागला. पोत्यात बसून मीही आले. कोहका गावाजवळ झोपडी, मैलभर लांब एक नळ, त्यावर भली मोठी रांग. गावाहून आणलेले तांदूळ दोन महिन्यांत संपले. उरले मी. सकाळी माझी भाकर, संध्याकाळी माझं वरण.

"एवढं पानी कावून फेकू?" भागीरथा म्हणाली. "ताकद तं त्याच्यातच असन."

आणि ते पहिलं पाणी तिनं नवऱ्याच्या वाटीत वाढलं. माझा जीव टांगणीला लागला. चुलीवर मी रटरट उकळत राहिले, याउपर माझ्या हातात काय होतं?

तीन महिन्यांनी केवलराम परांचीवरून उतरून बसला. "पाय आखडून रायले वं. टाच टेकतच नाही."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खायला काय असतं ते विचारलं आणि माझं नाव ऐकून डोळे मिटले. "हे पाय आता सुधरायचे नाहीत. घरात आणखी कोण खातं?"

भागीरथेच्या तोंडचं पाणी पळालं. घरात सहा वर्षांची नलू होती. तीही तेच वरण खात होती.

त्या दिवसापासून मी डब्यात बंद आहे. शेजारच्या कलावतीनं तांदूळ दिले, चूल त्यावर चालते. भागीरथा रोज सकाळी अंगण शेणानं सारवते आणि ओलं असतानाच नलूला म्हणते, "चाल वं, त्या टोकापर्यंत जाय." मग वाकून पाऊल न् पाऊल बघते. केवलरामच्या पावलांचे फक्त चवडे उमटतात, बाजूला काठीची भोकं. नलूचं काय, या धास्तीनं डब्यातही माझ्या अंगावर काटा येतो.

माझा राग करा, पण मला एकटीलाच ताटात घेऊ नका. आणि म्हातारीला कारण सांगता आलं नाही म्हणून तिचा शब्द टाकू नका.

आजही नलू चालून गेली. भागीरथा शेवटच्या पावलाशी उकिडवी बसली, बोटानं चाचपलं, आणि तिथंच रडू लागली. शेणात एक छोटीशी, गोल, खोल टाच उमटली होती.