डांबरगोळ्यांचा वास

संगणकाचा पडदा पुन्हा हिरवा.

हिरवा म्हणजे ठीक. पण दत्तारामकाकांच्या डाव्या कुल्ल्यावर गेल्या खेपेला नुसता लाल डाग होता, आज कातडी फुटली होती.

गार्गीने त्यांच्याखालची दाब मोजायची चटई पुन्हा सरळ केली. मुलुंडच्या या पुनर्वसन सेंटरमध्ये सकाळपासून माणसं बसवून-उठवून तिची कंबर गेली होती. भार जास्त, तिथे पडद्यावर लाल. इथे लाल नाहीच. व्हीलचेअरवर हवेच्या कप्प्यांची गादी, तिनेच निवडून दिलेली.

(अंग उचला, काका. हात टेकून. हं, सोडा.)

"जखम वाढली तर काय, मॅडम?"

"पालथं पडून राहायचं. भरेपर्यंत. महिनेही लागतात."

"आणि माझा झेरॉक्सचा गल्ला? तो तुम्ही बघणार?"

घाटकोपरचा तो गल्ला काकांना खुर्चीत बसता येतं म्हणूनच चालत होता.

गार्गी गादीतली हवा तपासायला वाकली. वास आला.

डांबरगोळ्या.

"काकी, ही गादी घरी कुठे असते?"

"कपाटात," सुलक्षणाकाकी कौतुकाने म्हणाल्या. "माझ्या शालूखाली. एवढी चांगली वस्तू, रोज वापरून वाट लावायची? इथे येताना काढते ना."

"मग काका बसतात कशावर?"

"गोधडी आहे की. चार घड्या घालते. मऊ असते."

गार्गीच्या जिभेवर बरंच आलं. तिच्या सासूबाईंनी सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. आणि हा प्रश्न तिने आधी कधी विचारलाच नव्हता.

तिने काकांना पलंगावर पालथं घेतलं. खुर्चीतली गादी काढून तिथे चादर घडी करून ठेवली, वर चटई.

"बसा, काकी."

लाल.
        लाल.

दोन हाडं, दोन डाग.

"मला तर काय टोचत नाय."

"टोचलं की तुम्ही हलाल. काकांना कमरेखाली कळत नाही."

काकी उठल्याच नाहीत. लाल डाग पडद्यावर तसेच राहिले.

"म्हणजे मीच—"

"गो, रडू नको," उशीतून काकांचा आवाज आला. "आता मी पालथो. गादी खरीच कपाटात घाल."

"गप ऱ्हावा!"

काकी उठल्या. कपाटात ठेवताना गादीवर चढवायचं प्लास्टिक सवयीने हातात घेतलं. बघत राहिल्या. मग चोळामोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि गादी खुर्चीत ठेवली. खुर्ची रिकामीच.

बाहेर पुढची खुर्ची येऊन थांबली होती.

(उचला. घरी कशावर बसता?)