डॉक्टरांचे वडील कसे गेले

डॉ. शरच्चंद्र दाणी यांनी नत्थूजींच्या अंगावरची चादर नीट केली, स्टेथोस्कोप बॅगेत कोंबला आणि त्यांच्या मुलाला, चंद्रभानला, डोळ्यांनीच बाहेर यायची खूण केली. नेहमीचंच. आजारी माणूस खोलीत आणि त्याच्याविषयीचं बोलणं खोलीबाहेर. लकडगंजातल्या त्या घराच्या छपरीत सागाच्या भुशाचा वास भरून राहिला होता. पलीकडे त्यांच्याच लाकडाच्या टालीवर आरा मशीन चालू होती, त्यामुळे दोघांनाही जरा मोठ्यानेच बोलावं लागत होतं.

"अन्ननळी जवळजवळ बंद झाली आहे," डॉक्टर म्हणाले. "मुंबईला नेलं तर पोटाला भोक पाडून नळी घालतील. त्यानं कॅन्सर बरा होणार नाही. थोडे दिवस वाढतील, तेही दवाखान्यातच जातील. तुम्ही एकदा वडिलांना विचारून बघा, त्यांना काय हवंय ते."

"काय पुसू?" चंद्रभान म्हणाला. "तुम्ही मरून राहिले, आता कसं मरता ते सांगा, असं पुसू? आपल्या बापाले? आजाराचं नावबी सांगतलं नाही आम्ही त्यायले. अल्सर आहे म्हणून सांगून राहिलो."

"मग तुम्हाला ठरवावं लागेल."

"मी कसा ठरवू? लहाना भाऊ म्हणते न्या, मामा म्हणते नका नेऊ. नाही नेलं तं उद्या लोकं म्हणतीन, एवढी टाल असून बापाले घरी मरू देलं. डॉक्टरसाहेब, तुमचे बाबूजी असते तं तुम्ही काय केलं असतं?"

हा प्रश्न येणार, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. तो प्रत्येक घरात येतो. अन्ननळीचं चित्र काढून दाखवा, समजावा, हात जोडा, शेवटी गाडी इथेच येऊन थांबते. पूर्वी ते सांगायचे की प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि माणसं तोंड फिरवायची. मग एकदा, फार थकलेले असताना, त्यांच्या तोंडून एक उत्तर निघून गेलं. ते लागू पडलं. तेव्हापासून त्यांनी दुसरं औषध शोधलं नव्हतं.

"माझ्या वडिलांना हेच झालं होतं," ते म्हणाले. "एकाहत्तरच्या मे महिन्यात. मी कुठे नेलं नाही. घरीच ठेवलं. दुखू नये म्हणून इंजेक्शन देत होतो, ओठ ओले करत होतो. सगळी माणसं भोवती होती. झोपेतच गेले."

चंद्रभानने खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले. त्याचे खांदे सैल पडले.

"तुम्ही डॉक्टर असून नाही नेलं," तो म्हणाला. "मंग झालं. आम्हीबी नाही नेत."

लॅम्ब्रेटा स्कूटरला किक मारताना डॉक्टरांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा कंटाळाही आला. असा एक माणूस मार्गी लावला की दुसरा वाट बघतच असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करत असताना धंतोलीतल्या त्यांच्या घराची कडी वाजली आणि दार नानांनी उघडलं. नाना म्हणजे डॉक्टरांचे वडील. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, सत्तरी कधीच ओलांडलेले आणि ठणठणीत. कुणीही आलं तरी दार आपणच उघडायचं, हा त्यांचा हट्ट.

दारात चंद्रभान उभा होता. बाबूजींना रात्रभर उमासे येत होते, पाण्याचा घोटही उतरत नव्हता, म्हणून तो डॉक्टरांना न्यायला आला होता.

"बसा," नाना म्हणाले. "येतोच आहे तो. मी त्याचा बाप."

चंद्रभान खुर्चीत टेकता टेकता पुन्हा उभा राहिला.

"दाणी डॉक्टरांचे बाबूजी? ते तं एकाहत्तर साली वारले ना?"

"असं?" नाना म्हणाले. "मला कुणी कळवलं नाही."

डॉक्टर गालावरचा साबण तसाच ठेवून बाहेर आले. त्यांनी चंद्रभानकडे पाहिलं, मग वडिलांकडे. चंद्रभान चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच खाली बसला.

"रातभर मी बाबूजीच्या उशाशी बसून तुमच्या बाबूजींची याद करून राहिलो होतो," तो डॉक्टरांना म्हणाला. "म्हटलं, या माणसाले जमलं तं मलेबी जमन."

मग त्याने नानांना सगळं सांगितलं. अन्ननळी, मुंबई, नळी, मे महिना, झोपेतलं जाणं. कुठेही तिखटमीठ लावलं नाही. सांगून झाल्यावर तो म्हणाला,

"आता तुम्हीच सांगा, काकाजी. खरंच तुमच्यावर आलं असतं तं?"

डॉक्टरांना वाटलं, मध्ये पडावं. पण उत्तराची घाई त्यांनाही झाली होती. किती घरांत त्यांनी हा विषय काढला असेल, त्याला गणती नव्हती. या घरात मात्र तो काढायची त्यांची छाती झाली नव्हती.

नानांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"मी म्हणालो असतो, न्या," ते म्हणाले. "चिरा, नळी घाला, काय हवं ते करा. एक दिवस जास्त मिळाला तरी मला हवा आहे. मला मरणाची फार भीती वाटते हो. ते झोपेत वगैरे जाणं मला जमायचं नाही."

ते हे चंद्रभानला सांगत होते, मुलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. हा माणूस रात्री दिवा का मालवू देत नाही, याचा डॉक्टरांनी इतक्या वर्षांत कधी विचार केला नव्हता. विजेच्या बिलावरून मात्र कुरकुर केली होती.

चंद्रभान उठला.

"चला डॉक्टरसाहेब. आता मीबी माझ्या बापाले पुसतो. तुमच्यासमोर पुसतो. ने म्हणले तं आजच्या गाडीनं नेतो."

नत्थूजी उशांना टेकून बसले होते. गाल आत गेले होते, पण डोळे जागे होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. आज छपरीत कुणीच गेलं नाही. चंद्रभान खाटेच्या कडेला बसला, "बाबूजी" म्हणाला आणि पुढचं विचारायच्या आत त्याला रडूच फुटलं. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडला. शेवटी नत्थूजीच बोलले, घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत.

"काहून रडून राहिला गा? अल्सर नाही ते. मले माहीत आहे. तुम्ही समदे बाहेर जाता अन् मशीन चालू असली की ओरडून बोलता. मले समदं ऐकू येते."

चंद्रभानने मान खाली घातली. नत्थूजी डॉक्टरांकडे वळले.

"तुमच्या बाबूजींचं काल ऐकलं, डॉक्टरसाहेब. लई चांगलं वाटलं. रातभर तेच डोक्यात होतं. मले मुंबईले नका नेऊ. त्यायच्यावानीच करा. घरी." त्यांनी डॉक्टरांचा हात धरला. पकड अजून घट्ट होती. "त्यायले तरास नाही ना झाला? खरं सांगा."

तेच खोटं, इतक्या घरांतून सहज बोललेलं, आज डॉक्टरांच्या ओठांवर येईना. आणि खरं सांगून ते या माणसाच्या हातात काय ठेवणार होते? त्यांनी चंद्रभानकडे पाहिलं.

चंद्रभानने बापाचा हात त्यांच्या हातातून सोडवून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"नाही झाला, बाबूजी," तो म्हणाला. "मी आताच त्यायच्या घरून पुसून आलो."