दहा-नऊचा छाप

"हे घ्या तुमचे बोल्ट, एजे!"

शारशेनने फडक्याची गाठ सोडली आणि आतलं लोखंड कलीपाच्या फळीवर ओतलं. तिथे थोरल्या बाईला एजे म्हणतात, म्हणजे ताई; थोरल्या पुरुषाला बाइके, म्हणजे दादा. तीन बोल्ट अख्खे, तीन मानेतच तुटलेले. एक डोकं घरंगळत जाऊन खाली सिमेंटवर पडलं. समोरच्या कंटेनरात थाटलेल्या दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली. गाड्यांच्या बाजारात भांडण फुकट असतं, ते कुणी सोडत नाही.

"आवाज खाली घे," कलीपा म्हणाली. "बहिरी नाहीये मी. काय झालं ते सांग."

"काय झालं? अकरा माणसं होती गाडीत! घाट उतरताना पुढचं चाक ठोकायला लागलं. ब्रेक दाबला की पेडल उलटं पायाला लाथ मारतंय. मागून एक म्हातारी विचारते, बाळा, हे काय वाजतंय? काय सांगू तिला? पहिल्यावर टाकली, डोंगराच्या बाजूला खडीत घातली, तेव्हा कुठे थांबली. चाक काढून बघतो तर ब्रेकची डिस्क अशी डुगडुगतेय, म्हाताऱ्याच्या दातासारखी. सहातले तीन बोल्ट खलास!"

"आणि हे माझ्याकडचे?"

"मग काय ढगातून पडले? अठरा वर्षं झाली मला तुमच्याकडून माल घेऊन. म्हणून तर नीट बघितलंसुद्धा नाही मी!"

शेवटचं वाक्य कलीपाला लागलं. तिने अख्ख्यांतला एक बोल्ट उचलून उजेडात धरला. डोक्यावर दहा-नऊचा छाप होता, ठळक, देखणा. चांगल्या पोलादाच्या बोल्टावर असतो तोच. मग तिने नट उलटा करून पाहिला. नटाच्या आत प्लास्टिकची निळी कडी असते, सैल होऊ नये म्हणून. ती कडी वितळून काळा डिंक झाली होती. दार, सीट, नंबरपट्टी, कुठेही लावा असला नट. पण घाटात डिस्क निखाऱ्यासारखी तापते, तिथे प्लास्टिक टिकेल कसं? हे कलीपा गेली वीस वर्षं गिऱ्हाइकांना ओरडून सांगत आली होती.

तिने बोल्ट व्हाइसमध्ये आवळला आणि त्याच्यावर कानस ओढली. चांगला बोल्ट कानशीला दाद देत नाही, घसटतो, किंचाळतो. हा मुकाट्याने कापला गेला. फळीवर चुरा सांडला.

"हा बोल्ट नाही," ती म्हणाली. "साबणाची वडी आहे. हा मी विकलेला नाही."

"तुम्ही नव्हता तेव्हा. तालायने दिले. गेल्या महिन्यात."

गेल्या महिन्यात कलीपा बहिणीच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्याला नारिनला गेली होती. चार दिवस. दुकानाची किल्ली मुलाकडे, तालायकडे, होती.

तालाय शेजारच्या खिम्याच्या समशांच्या गाड्यावरून हात पुसत आला. बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. फळीवरचं लोखंड पाहून त्याची चाल मंदावली.

"कुठून आणलास हा माल?"

"ठोकवाल्या झोलदोशकडून. सगळेच आणतात, अपा," तो आईला म्हणाला.

"सगळ्यांचं नाही विचारलं मी. किती संच आणलेस?"

"बारा."

"उरले किती?"

त्याने मागच्या खणाकडे पाहिलं. "तीन."

"नऊ गाड्या," कलीपा म्हणाली. "कुणाकुणाच्या?"

"आता गिऱ्हाइकाची कुंडली मांडून ठेवतो का मी? शारशेन बाइके ओळखीचे. एक तोकमोकचा होता वाटतं. बाकीचे आले, घेतले, गेले. आणि अपा, छाप बघ ना! दहा-नऊच आहे. तुझ्या बोल्टांवर असतो तोच."

"छाप काय, गाढवाच्या कपाळावरपण मारता येतो! म्हणून त्याला घोडा म्हणशील?"

समोर कुणीतरी हसलं. तालायचे कान लाल झाले.

"तू सगळ्या जगाला कानस लावत बसतेस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तुझे बोल्ट काळे, तेलकट. लोकांना चमकणारे हवे असतात. गिऱ्हाईक पुढे निघून जातं, तुला पत्तासुद्धा नसतो."

"जाऊ दे ना मग! जिवंत तर जाईल!"

आई-मुलाच्या भांडणात आपला राग कुठे ठेवावा हे शारशेनला कळेना. कलीपाने खालचा खण उघडला. एकेक बोल्ट काढून तिने अख्ख्या बोल्टाशेजारी मापून पाहिला: जाडी, लांबी, आट्यांची बारकाई, आणि आटे सुरू होण्याआधीची कोरी मान. डिस्क आणि चाकाचा हब जिथे एकमेकांना भिडतात तिथे ती मान यायला हवी. तिथे आटे आले की ब्रेकचा सगळा झटका आट्यांवर येतो. सहा बोल्ट, सहा नट. नट सगळे लोखंडी, तोंडाशी किंचित चेपलेले, म्हणजे आपोआप सुटत नाहीत. दुसऱ्या चाकाचेही सहा.

"दोन्ही चाकांचे बदल. समोरासमोरचे आवळत जा, ओळीने नको," ती म्हणाली. "आणि शारशेन, ओरडलास ते बरोबर केलंस."

तो गेल्यावर ती स्टुलावर बसली. संताप डोक्यात भिनला होता. आणि तो सगळा तालायवरचा नव्हता.

तरुणपणी ती शहरातल्या यंत्रांच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत होती. प्रत्येक पेटीतले दहा बोल्ट काढायचे, यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायचे आणि आकडा लिहायचा. आमच्या कलीपाला मोडतोड करण्याचा पगार मिळतो, असं सासू शेजारणींना सांगायची. एका महिनाअखेरीला दहातले तीन बोल्ट निम्म्या ताकदीतच तुटले. विभागाचा प्रमुख गेन्नादी पेत्रोविच दारातूनच म्हणाला, "यंत्राचा दोष असेल, कलीपा. पेट्या स्टेशनवर जायच्यात. कर सही." ती सव्वीस वर्षांची होती. तालाय पोटात होता आणि कारखान्याकडून मिळणाऱ्या घरांच्या यादीत त्यांचं नाव आठवं होतं. तिने सही केली.

पेट्या गेल्या. कुठे, ते तिला कधी कळलं नाही. ट्रॅक्टरला लागले ते बोल्ट, की बसला, की बागेतल्या कुठल्या फिरत्या पाळण्याला? वाईट बातमी आली नाही. पण बातमी आली नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं ती स्वतःला बत्तीस वर्षांत पटवू शकली नव्हती.

ती उठली. "दुकान बघ," तालायला म्हणाली. "आणि उरलेल्या तीन संचांना हात लावलास तर हात तोडीन."

बाजाराच्या कर्ण्याची खोली फाटकाच्या वर होती. हरवलेली पाकिटं, वाट अडवून उभ्या केलेल्या गाड्या आणि स्वस्त टायर, हे सगळं दुइशे नावाचा एक खोकणारा माणूस तिथून दिवसभर सांगत असे. कलीपाने कागदावर लिहून आणलेला मजकूर त्याने वाचला आणि परत केला.

"हे नाही सांगता येणार, एजे. साबिर बाइकेंचा हुकूम आहे. गिऱ्हाईक बिचकेल असं काही नाही सांगायचं."

साबिर म्हणजे बाजाराचा कारभारी. तो आतच बसला होता. "कलीपा एजे," तो गोड आवाजात म्हणाला, "जुन्या गिऱ्हाइकांना भेट आहे, येऊन घेऊन जा, एवढंच सांगू. येतील की. खराब-बिराब कशाला म्हणायचं? तुमचं नाव जाईल. माझ्या बाजाराचं जाईल."

"भेट घ्यायला कोण कामधंदा सोडून येतं, साबिर? ब्रेक तुटतील म्हटल्यावरच येतील."

"तुटतील कशावरून? एकाचे तुटले."

"दुसऱ्याचे तुटेपर्यंत थांबू? तू येशील मयतीला? की तिथेही भेट देशील?"

"तोंड सांभाळा हं, एजे."

"साठ वर्षं होत आली सांभाळतेय!"

बोलता बोलता तिने दुइशेच्या हातातला माइक ओढून घेतला होता. दुइशेला खोकला आला की मुद्दाम त्याने तोंड फिरवलं, कोण जाणे. पण बटण चालूच होतं.

"मी कलीपा," साऱ्या बाजारावर तिचा आवाज घुमला, "बोल्टवाली. सत्तावीस नंबर. माझ्या दुकानातून गेल्या महिन्यात ब्रेकच्या डिस्कचे खोटे बोल्ट विकले गेलेत. डोक्यावर दहा-नऊचा छाप आहे, तो खोटा आहे. नटात निळी कडी आहे. घाटात तुटतात. ज्याच्या गाडीला असतील त्याने गाडी हलवू नये. ओळखीच्यांना फोन करा. चूक माझ्या दुकानाची आहे. बदलून मी देईन."

तिने हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा साबिरने तार उपटली.

ती परतली तेव्हा ओळीतले शेजारी तिच्याकडे बघत नव्हते. निळ्या कडीचा माल निम्म्या बाजाराने भरला होता, आणि आता गिऱ्हाइकं प्रत्येक दुकानात नट उलटसुलट करून बघत होती. तालाय फळीच्या बाहेर उभा होता, जाकीट घालून.

"मला नागडं केलंस भर बाजारात," तो म्हणाला. "माझ्याशी घरात बोलायचं होतंस."

"घरात बोलले असते तर त्या आठ गाड्यांना ऐकू गेलं असतं का?"

"तुला माझ्यापेक्षा गाड्या जवळच्या!"

"तुझ्या पोरी ज्या गाडीतून जातात तिचे बोल्ट तू पाहिलेस का कधी?" ती किंचाळली. "जा बघ! आधी ते बघ, मग मला शिकव!"

त्याने किल्ली फळीवर ठेवली आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मुद्दाम येऊन सांगितलं, तालाय झोलदोशच्या ठोक दुकानात कामाला लागला. कलीपाने ऐकून घेतलं आणि वायसरचे डबे पुसत राहिली.

संच मात्र परत यायला लागले. पहिल्या दिवशी दोन, मग तोकमोकवाला, मग एक दूधवाला, एक रुग्णवाहिकेचा चालक. कुणी शिव्या दिल्या, कुणी नाही. आठवड्याभरात सहा संच आले; दोन अजून कुठेतरी रस्त्यावर होते. सगळे तिने व्हाइसमध्ये धरून घणाने वाकवले आणि भंगारात टाकले.

दहाव्या दिवशी तलासहून एक बाई आली. सैराकान तिचं नाव. पहाटेच्या बसने दोन घाट ओलांडून आली होती. तिने पिशवीतून बोल्ट काढून फळीवर ठेवले, निळ्या कडीच्या नटांसकट.

"तूच का ती कर्ण्यावरची? नवऱ्याला फोन आला कुणाचा तरी, त्याने गाडी तिथेच उभी केली. मेंढरं बाजारात न्यायचे दिवस, आणि गाडी दारात, ठोकळ्यावर!"

"चूक आमची आहे. बसा, चहा घ्या."

"चहा नको तुझा. माझी दोन लेकरं रोज त्या गाडीतून शाळेत जात होती. महिनाभर. रोज. ऐकलंस?"

"ऐकलं."

"नुसतं ऐकलं!"

कलीपाला सांगावंसं वाटलं की ते मी विकलेले नाहीत. त्याऐवजी खण उघडून तिने बारा बोल्ट मोजून काढले. "हे घ्या. मी स्वतः निवडलेत."

"तू निवडलेले?" बाई हसली, ते हसू थुंकण्यासारखं होतं. "तुझ्या हातचं लोखंड माझ्या लेकरांच्या गाडीला? दुसरीकडून घेईन." तिने एक जुना बोल्ट मापासाठी उचलला आणि ती चालायला लागली.

कलीपाने दुकान तसंच उघडं टाकलं आणि तिच्या मागे निघाली. दुसरीकडे काय मिळतं ते तिला ठाऊक होतं.

बाई चकाकणारी पाटी बघून झोलदोशच्या दुकानात शिरली. फळीमागे तालाय होता. बाईने माप पुढे केलं. "अस्से दे. पण चांगले."

तालायचा हात सवयीने मागच्या खोक्यांकडे गेला. मग त्याला बाईच्या मागे, दहा पावलांवर उभी असलेली आई दिसली. ती नुसती उभी होती, कंबरेवर हात ठेवून. रागाने तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. आतल्या खुर्चीवरून झोलदोशही बघत होता.

"नाहीत," तालाय म्हणाला.

"नाहीत कसे? ते काय मागे, ढीग लागलाय!"

"ते तुमच्या गाडीचे नाहीत, एजे. पुढे होशिमजान आकांकडे बघा."

"काय रे, शुद्धीवर आहेस का?" झोलदोश ओरडला. तालायने माप बाईच्या हातात परत दिलं. बाई पुटपुटत बाहेर पडली. कलीपा क्षणभर थांबली. मुलाशी बोलावं असं तिच्या मनात आलं, पण राग अजून निवला नव्हता, आणि बाई पुढे चालली होती.

होशिमजान आका सत्तरीचा उझबेक म्हातारा. त्याने चष्मा लावून माप पाहिलं आणि एक मूठ बोल्ट फळीवर ठेवले. बाईच्या खांद्यावरून कलीपाने मान हलवली: नाही, कोरी मान आखूड आहे. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, बोल्ट परत घेतले, दुसरा डबा उघडला. हे बरोबर होते. नट निवडताना त्याने आपणहून चेपलेल्या तोंडाचे उचलले आणि कलीपाकडे बघितलं. तिने होकार दिला.

"नक्की चालतील ना, आका?" बाईने विचारलं.

"चालतील, मुली. हे पारखलेले आहेत."

बाईने बोल्ट रुमालात बांधले. वळताना तिला कलीपा दिसली. ती अंग चोरून बाजूने निघून गेली.

कलीपा तिच्या मागे फाटकापर्यंत गेली, अंतर ठेवून. तलासची गाडी भरत होती. बाई आत चढली, खिडकीशी बसली, रुमाल मांडीवर घेतला. गाडी सुटली तेव्हा कलीपा तिच्या पुढच्या चाकाकडे बघत होती. मग मागची गाडी निघाली, तिच्याही चाकाकडे. मग तिच्या मागच्या.