सेलेस्टिनची जागा

उत्तनच्या बँडघराची चावी सॅम्युएलच्या कमरेला असते. त्या दिवशी ती त्याला जड झाली होती. पहाटे सेलेस्टिन गेला, संध्याकाळी त्याची मयत निघणार होती, आणि बँड मंडळात आता चौघंच उरले होते.

चौघं म्हणजे खेळ खलास. जागा चर्चची. ती देतानाच ठरलं होतं की वाजवणारे पाचाच्या खाली आले, तर गेलेल्या माणसाची मयत निघायच्या आत नवा माणूस घ्यायचा, नाहीतर चावी परत करायची. सॅम्युएल मंडळाचा प्रमुख, मोठा ढोल वाजवणारा. आपल्या हातून बँडघर जाणार, असं त्यानं धरलंच होतं.

आता तुम्ही म्हणाल, चार भिंती आणि वर कौलं, त्याचं एवढं काय? अहो, एके काळी या किनाऱ्यावर पाखाडीगणिक, म्हणजे वाडीवाडीत, बँड होते आणि लग्नाच्या सुपाऱ्यांवरून त्यांची अशी जुंपायची की नवरा-नवरी राहायची बाजूला. एकानं भाव पाडला की दुसरा त्याच्याहून पाडायचा, आणि शेवटी सगळ्यांच्याच चुली थंड. मग सॅम्युएलच्या आजोबांच्या पिढीनं मंडळ काढलं. सगळ्यांचा भाव एक, कोणी कोणाची सुपारी पळवायची नाही, आजारी पडलेल्याचा वाटा त्याच्या घरी पोचवायचा. घरही स्वतःच्या हातांनी बांधलं. दगड होडीतून आणले, रेती बायकांनी डोक्यावरून वाहिली. त्या बायकांना आत बसायला खुर्ची मात्र कधी मिळाली नाही. याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

पुढे डीजे आले आणि भिंतीवरच्या खुंट्यांना टोप्या तेवढ्या राहिल्या. उरलेल्यांत सूर धरणारा एकटा सेलेस्टिन, त्याचा ट्रंपेट. बाकीचे ढोल, झांजा आणि खर्जात घुमणारी मोठी पितळी भोंगी वाजवणारे.

दुपारी सेलेस्टिनची मुलगी ॲन्ड्रिया दारात उभी राहिली. हाटकेशच्या एका कारखान्यात हिशेब बघते ती. काखेत बापाचा ट्रंपेट होता. बापानं तिला घरातच शिकवलं होतं, आणि मंडळात घ्या म्हणून ती दोनदा आली होती. दोन्ही वेळा बाईमाणूस म्हणून सॅम्युएलनंच तिला वाटेला लावलं होतं.

"अंकल, आज मयतीत पापाची चाल मी वाजवणार," ती म्हणाली. "तुमचा बँड वाजेल, पण त्यात सूर कुठे हाय?"

मंडळाचा आणखी एक नियम होता, सगळ्यांत जुना. बँडवाला गेला की त्याच्या मयतीत त्याचा भाग मंडळातल्या कोणी वाजवायचा नाही. माती पडेपर्यंत त्याची जागा चालीत रिकामी ठेवायची, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला कळतं कोण गेलं ते. बाहेरच्याला मात्र ही बंदी नव्हती.

संध्याकाळच्या आत वाजवणारा दुसरा कोणी मिळणार नव्हता. तिला घेतलं की पाच होतात, घर वाचतं. मंडळाची टोपी आधी तिच्या डोक्यावर घालावी आणि नियम मागून सांगावा, असं सॅम्युएलच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला, आलंच होतं. पण सेलेस्टिनची टोपी समोरच्या खुंटीवर होती, आणि त्या टोपीसमोर त्याची जीभ रेटेना.

"बस, पोरी," तो म्हणाला. "बाहेरची म्हणून वाजवलंस, तर बाप सुरात जाईल आणि हे घर जाईल. टोपी घातलीस, तर घर राहील. पण मग बापाच्या मागून मुकी चालशील. ट्रंपेट हातात, पण ओठाला लावायचा न्हाय."

नवघरचा दत्ताराम भोंगी पुसत बसला होता. "आजच्या दिवस मोडा की नियम," तो पुटपुटला. "कोण बघतंय?"

"हा मोडला तर पाचाचापण मोडू," सॅम्युएल म्हणाला. "मग उरलं काय, कौलं?"

ॲन्ड्रिया बराच वेळ ट्रंपेटच्या कळा नुसत्याच दाबत राहिली. मग तिनं विचारलं, "आजोबांच्या मयतीत पापानं काय केलं होतं?"

"तुझा आजा पण ट्रंपेटवालाच. पापा मुका चालला. सिमेटरीपर्यंत मला शिव्या घालत होता, पण चालला."

ती उठली, आणि बापाची टोपी तिनं स्वतःच खुंटीवरून काढली. सॅम्युएलनं बाकीच्यांकडे पाहिलं. तिघांनी होकाराच्या माना डोलावल्या.

मयत निघाली. ढोलाचा ठोका पडत होता, झांजा वाजत होत्या, भोंगी खाली घुमत होती, आणि सूर यायचा तिथे काहीच येत नव्हतं. ॲन्ड्रिया शवपेटीमागे ट्रंपेट छातीशी धरून चालली. तिची बोटं मात्र कळांवर चालत होती. ओट्यांवर मासळी निवडणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. सेलेस्टिन गेला, हे त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही. सॅम्युएलनं आयुष्यभर हा नियम राखला होता, पण तो मनाला इतका लागतो हे त्याला आज कळलं. ढोलाचा ठोका चुकता चुकता राहिला.

माती पडली. पाचही जण बँडघरात परतले. ॲन्ड्रिया बापाच्या खुर्चीत बसली आणि कोणी काही बोलायच्या आत तिनं ट्रंपेट ओठाला लावला. सगळी चाल तिनं पहिल्यापासून वाजवली, एकटीनं. रस्त्यात राहिलेलं सगळं एकेक करून आलं. दत्तारामनं तोंड भिंतीकडे वळवलं. सॅम्युएल उघड रडला, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

मग त्यानं नाक पुसलं, चावी कमरेला नीट खोचली.

"रविवारी तालमीला ये," तो म्हणाला. "माझ्या मयतीत ढोल नसणार. त्याच्याशिवाय ह्यांना ठेक्यात धरायला आतापासून शिक."