झाकणाखालचा तराफा

मी डब्यातून बोलतोय, तेव्हा आवाज जरा दबका आला तर सांभाळून घ्या. मी एक जीवरक्षक तराफा. रबराचा, नारिंगी, चार माणसं मावतील एवढा. बोट बुडायला लागली की मला पाण्यात टाकायचं, दोरीला जोरात हिसका द्यायचा, की मी फुगून तयार. माझं काम काय ते एवढंच, पण ते करायची वेळ येऊ नये म्हणून सगळे देव पाण्यात घालून बसलेले असतात. असं नशीब घेऊन जन्माला आलोय मी.

कारखान्यात तयार झालो, आणि अंग मोकळं करतोय न करतोय तोच दोन धिप्पाड माणसांनी गुडघ्यांनी दाबून माझ्यातली हवा काढली. घडीवर घडी घातली. पोटात गॅसचं सिलिंडर आणि पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या कोंबल्या, वरून पांढरा टणक डबा बसवला आणि पट्टे आवळले. एवढा देह, आणि कूस बदलायची सोय नाही. तेव्हापासून मी असाच, नाक गुडघ्यात घालून.

मला विकत घेतलं ताईनं. तिला सगळं बंदर ताई म्हणायचं, तिचे सख्खे मामासुद्धा. ताई शाळेत भूगोल शिकवायची. भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून महासागर दाखवता दाखवता तिच्या मनात आलं, की एकदा हा आपण शिडाच्या बोटीनं ओलांडायचा. त्यासाठी समुद्रापार जाणारी मोठी शर्यत होती. हेडबाईंनी बिनपगारी रजा दिली, पण वर बजावलं, "हे लाड एकदाच हं. पुन्हा अर्ज घेऊन यायचं नाही."

जोडीला मामा. मामा सुतार, हात सोन्याचा आणि स्वभाव करवतीचा.

या शर्यतीत नाव नोंदवलं म्हणजे झालं, असं नसतं बरं का. शिडं, रेडिओ, औषधांची पेटी, सगळ्याची तपासणी. शिवाय दोघांना पोहण्याच्या तलावात नेऊन तराफ्यात चढायला शिकवलं. तिथे म्हणे दुसराच कुणीतरी तराफा होता, आधीच फुगवून ठेवलेला, ऐटीत तरंगणारा. माझा नुसता जळफळाट झाला. मामा मात्र तिथून परत आल्यापासून येता-जाता माझ्या डब्याकडे बघायचे आणि तोंड फिरवायचे.

मग त्यांनी काय करावं? सुकाणूजवळच्या ज्या खणात मला ठेवलं होतं, त्यावर लाकडाचं झाकण बसवलं. काय ते काम! कडेला केस शिरणार नाही.

"बघ, मुंगीसुद्धा आत जायची नाही," मामा म्हणाले.

"मामा, फारच घट्ट नाही ना झालं?" ताईनं विचारलं.

"एका बोटानं उघडतंय. कर की तूच."

तिनं केलं, उघडलं. अहो, बोट तेव्हा जमिनीवर होती! पाण्यात उतरवल्यावर लाकूड ओल पिऊन फुगणार, हे लाकडात जन्म घालवलेल्या माणसाला कळू नये? पण मामांना ते झाकण उघडायचं कुठे होतं! त्यांना मी नजरेआड हवा होतो, बस्स. इकडे माझी अवस्था काय सांगू. आधी डबा, डब्यावर खण, खणावर झाकण. अंधारात अंधार.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तपासनीस बाई आल्या. पायातले बूट काढून बोटीवर चढल्या आणि म्हणाल्या, "तराफा कठड्यावर आणून ठेवा. पंधरा आकडे मोजते."

ताईनं झाकण ओढलं. हलेना. मामांनी ओढलं, मग दोघांनी ओढलं. मी आतून ढकलायला तयार होतो हो, पण हात कुठले आणायचे! मामा पटाशी आणायला धावले.

"बोट बुडताना पटाशी शोधत बसणार का?" बाई शांतपणे म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत पुन्हा दाखवा. नाहीतर उद्या तुम्हाला सोडता येणार नाही. नियम माझ्या घरचे नाहीत."

त्या गेल्यावर ताई करवत घेऊन आली. मामांनी ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतःचं झाकण स्वतः कापलं. माझ्या अंगावर ऊन पडलं, आणि मला वाटलं, चला, सुटलो.

संध्याकाळी बाई परत आल्या. मोजायला सुरुवात केली. मामा भुकेल्यासारखे माझ्यावर तुटून पडले. पट्टा सोडला, ताईला हात लावू दिला नाही, एकट्यानं मला उचलून कठड्यावर आणलं. तिथे थांबायचं होतं. एवढंच तर करायचं होतं! पण इतके दिवस जे मनातल्या मनात घोकत होते, ते हातांनी करून टाकलं. मला पाण्यात भिरकावलं, दोरी सरसर ओढली आणि दिला हिसका.

डबा फुटला. मी फुगलो. देवा रे, काय सांगू! पहिल्यांदा पाठ ताणली, पहिल्यांदा श्वास घेतला, पहिल्यांदा पाणी अंगाला लागलं. मी आनंदानं डुलत होतो, आणि वर कठड्याला धरून ताई पांढरीफटक उभी होती.

फुगलेला तराफा पुन्हा भरायचा, तपासायचा, म्हणजे कित्येक दिवसांचं काम. ताईनं सगळ्या बंदरात फोन केले. भाड्याचे तराफे केव्हाच शर्यतीवाल्यांनी नेले होते.

मग ती आली आणि माझ्यात उतरली. गुडघे पोटाशी घेऊन बसली. थोड्या वेळानं मामाही उतरले.

"मला वाटायचं, हा तराफा ऐन वेळी उघडायचा नाही," मामा म्हणाले. "तू माझ्या डोळ्यांदेखत बुडशील आणि मी दोरी ओढत राहीन. रोज हेच दिसायचं गं. म्हणून झाकून टाकलं."

"मला सांगायचं ना, मामा."

"सांगितलं असतं तर तू निघाली असतीस?"

मामा माझ्या नारिंगी अंगावरून तळवा फिरवत रडले, आणि तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. दुसऱ्या दिवशी शर्यत सुटली. तिची बोट धक्क्यालाच बांधलेली होती.

मला पुन्हा गुडघ्यांनी दाबून, घडी घालून, नव्या डब्यात भरलंय. खणावर आता झाकण नाही. मामा रोज येऊन पट्टा सोडून बघतात, मग पुन्हा लावतात. ताई फक्त रविवारी येते, वह्यांचा गठ्ठा घेऊन. तपासते आणि जाते.

हेडबाई, तुमच्यापर्यंत पोचलं तर ऐका. मला कोंडून घालायला माझी हरकत नाही, मी त्याचसाठी आहे. मी जन्मभर डब्यात राहीन आणि एक शब्द बोलणार नाही. तिला पुन्हा एकदा तेवढी रजा द्या.